मोठी इमारत चित्रातही मोठी दिसावी म्हणून

वास्तुकलेचे विद्यार्थी, व्हिज्युअलायझेशनच्या कामात नव्याने आलेले तरुण आणि छोट्या ऑफिसांतले आर्किटेक्ट यांची एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा कानावर येते. मॉडेल नीट बांधलेलं असतं, दगड-काचेची मटेरियल चांगली असतात, रेंडर रात्रभर चालवलेला असतो, आणि तरीही तीस मजल्यांचा टॉवर टेबलावरच्या खेळण्यासारखा दिसतो. मग रेंडरची क्वालिटी वाढवली जाते, आकाश बदललं जातं, झाडांची भर पडते. फाइल जड होत जाते, इमारत मात्र होती तेवढीच राहते.

दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. कॅमेरा कुठे उभा करायचा आणि ऊन कुठल्या बाजूने घ्यायचं, हे दोन निर्णय सगळ्यात शेवटी, घाईत झालेले असतात. ते सगळ्यात आधी घ्या. मटेरियल, झाडं, माणसं हे सगळं त्यानंतरचं काम आहे.

हे निर्णय संगणकाच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), उभं राहत असताना त्याचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून अॅक्सल हेग या चित्रकाराने इमारतीचं जलरंगातलं चित्र केलं होतं. १८८० मध्ये ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलं गेलं. इमारत तेव्हा पूर्ण व्हायची होती. न बांधलेली वास्तू कुठून आणि कुठल्या उजेडात दाखवायची, हा हेगपुढचा प्रश्न आणि तुमच्यापुढचा प्रश्न एकच आहे.

कॅमेरा लावण्याआधी चार गोष्टी लिहून काढा

१. चित्र कोण पाहणार? पुनर्विकासाच्या सभेतल्या सभासदांना आपली इमारत गल्लीतून कशी दिसेल हे हवं असतं. स्पर्धेच्या परीक्षकांना रचनेची मूळ कल्पना एका नजरेत कळायला हवी.
२. ते कुठे दिसणार? मोबाइलवर उभी चौकट लागते, रस्त्यावरच्या होर्डिंगवर आडवी. एकच व्ह्यू कापून दोन्हीकडे वापरला की एका जागी तो हमखास बिघडतो.
३. उत्तर दिशा कुठे आहे? मॉडेलमधली उत्तर खऱ्या साइट प्लॅनशी जुळवून घ्या. ड्रॉइंग सोयीसाठी फिरवलेलं असतं आणि तसंच मॉडेलमध्ये येतं. ही चूक सर्रास होते.
४. दाखवायची एक गोष्ट कोणती? टॉवरची उंची, पोडियमचा प्रवेश की दर्शनी बाजूवरची जाळी? तिन्ही एकाच चित्रात ठळक करायला गेलात तर तिन्ही फिक्या पडतात. त्यांच्यासाठी तीन वेगळी चित्रं करा.

कॅमेरा: माणूस जिथे उभा राहू शकतो तिथे

मोठेपणाची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे माणसाच्या नजरेची उंची. कॅमेरा जमिनीपासून १.६ मीटरवर, समपातळीत ठेवा. जमीन सपाट असेल तर पाच मीटरवरचा माणूस असो की शंभर मीटरवरचा, उभ्या प्रौढ माणसांचे डोळे साधारण क्षितिजरेषेवरच येतात. चित्रात टाकलेल्या माणसांची डोकी वेगवेगळ्या उंचीवर तरंगत असतील तर त्यांचं माप चुकलंय. पाहणाऱ्याला नेमकी चूक सांगता येणार नाही, पण इमारत लहान वाटेल.

आता अंतर. ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरच्या हिशेबाने, २४ मिमी लेन्स आणि उभी चौकट घेतली तर क्षितिजाच्या वर अंतराच्या पाऊणपट उंची मावते. म्हणजे ९० मीटरचा टॉवर मावायला १२० मीटर मागे जावं लागतं, आणि डोक्यावर थोडं आकाश हवं असेल तर १४० मीटर. ३५ मिमी लेन्सला तोच टॉवर मावायला साधारण १७५ मीटर लागतात.

असा कॅमेरा निम्मी चौकट रस्त्याला देऊन टाकतो. त्यावर उपाय लेन्स शिफ्टचा आहे. कॅमेरा वर न झुकवता चौकट वर सरकवा. क्षितिज खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलं की २४ मिमी लेन्सने तोच टॉवर ९० मीटरवरून मावतो आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'शिफ्ट' आहे, स्केचअपमध्ये 'टू पॉइंट पर्स्पेक्टिव्ह' आहे. इतर सॉफ्टवेअरमध्येही ही सोय थोड्याफार फरकाने सापडते.

इथे एक सावधगिरी हवी. फार उंच टॉवर जवळून घेतला आणि उभ्या रेषा काटेकोर सरळ केल्या की माथा फुगल्यासारखा वाटतो. अशा वेळी रेषा वर जाताना किंचित जवळ येऊ द्या.

नजरेच्या उंचीखेरीज दोन पर्याय आहेत:

- समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून. रस्ता, पोडियम आणि मधले मजले एकत्र दिसतात. बाजार, स्टेशन, रुग्णालय अशा पसरट इमारतींना हा कोन चांगला.
- ड्रोनच्या उंचीवरून. संपूर्ण वसाहत किंवा कॅम्पस समजावायला उपयोगी. पण वरून पाहिलं की इमारत मॉडेलसारखी दिसणारच. म्हणून हा व्ह्यू माहितीसाठी वापरा, मुख्य चित्रासाठी नको.

कोपरा घ्या, पण दोन्ही बाजू समान नकोत

मोठ्या इमारतीचं आकारमान कळतं ते दोन बाजू एकदम दिसल्यावर. कॅमेरा बरोबर कोपऱ्यासमोर ठेवला तर दोन्ही बाजू सारख्या पसरतात आणि नजर कोपऱ्याच्या धारेवरच अडकते. कॅमेरा थोडा सरकवा. मुख्य बाजू साधारण दोन तृतीयांश आणि दुसरी एक तृतीयांश दिसेल असं बघा.

मग या दोन बाजूंपैकी एक उन्हात आणि एक सावलीत ठेवा. दोन्ही बाजूंवर सारखंच ऊन पडलं की कोपरा नाहीसा होतो आणि तीस मजल्यांची इमारत पुठ्ठ्याच्या सपाट तुकड्यावर आणून ठेवल्यासारखी होते.

हे तपासायला मटेरियल लागत नाही. सगळ्या मॉडेलला एकच मध्यम राखाडी रंग द्या आणि लहान आकारात रेंडर काढा. याला क्ले रेंडर म्हणतात. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या झोनिंग नियमांतून इमारतींचे कसे आकार तयार होतील हे ह्यू फेरिसने १९२२ मध्ये कोळशाच्या चित्रांतून दाखवलं. त्यातल्या सुरुवातीच्या चित्रांत खिडक्या नाहीत, दगड नाही, नक्षी नाही. आहे तो फक्त आकार, उजेड आणि अंधार, आणि त्या इमारती अवाढव्य वाटतात. तुमचा क्ले रेंडर नखाएवढा करून पाहिल्यावरही आकार स्पष्ट कळत असेल तरच पुढे जा.

ऊन: तारीख आणि वेळ ठरवूनच

सूर्य माउसने फिरवून 'बरा दिसतोय' तिथे सोडून देऊ नका. गावाचं स्थान, तारीख आणि वेळ भरा. महाराष्ट्रात काम करताना हे आकडे हाताशी असू द्या:

- मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४७-४८ अंशांवर असतो, तर मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ७१ अंशांवर.
- मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मध्ये माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो.
- भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. म्हणून मुंबईत सूर्य माध्यान्हीला येतो तो सरासरी १२.४० च्या सुमारास, नागपुरात सव्वाबाराच्या सुमारास. सॉफ्टवेअरमध्ये वेळ +५.३० ठेवा आणि 'डेलाइट सेव्हिंग' बंद आहे ना, ते बघा.

या आकड्यांचा उपयोग कसा होतो, ते पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर पाहू. सीएसएमटीची दर्शनी बाजूही साधारण पश्चिमेकडेच आहे. सकाळी अशी बाजू स्वतःच्याच सावलीत असते. २१ डिसेंबरला दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २५ अंशांवर, नैर्ऋत्येच्या जरा पश्चिमेला असतो. ऊन भिंतीवर तिरकं पडतं. एक मीटर पुढे आलेल्या छज्ज्याची सावली सुमारे ६० सेंटिमीटर खाली उतरते आणि एक मीटर पुढे आलेल्या उभ्या खांबाची सावली साधारण ८० सेंटिमीटर बाजूला सरकते. कमानी, कोनाडे, गॅलऱ्या यांची खोली या सावल्यांमुळेच वाचता येते. तीच भिंत मेच्या मध्यावर भर दुपारी दाखवली तर ऊन भिंतीला जेमतेम चाटून जातं. प्रत्येक छज्ज्याखाली काळा पट्टा लोंबतो आणि कोनाडे बुजतात.

सावलीची कडही महत्त्वाची. आकाशात सूर्याची रुंदी सुमारे ०.५३ अंश दिसते, त्यामुळे सावली पाडणारी वस्तू जितकी दूर तितकी सावलीची कड धूसर होते. हा धूसरपणा दर मीटरमागे जवळपास एक सेंटिमीटर भरतो. नव्वद मीटर वरून आलेल्या सावलीची कड पाऊण मीटरहून जास्त रुंद धूसर असते. सूर्याचा आकार शून्य ठेवला की सगळ्या सावल्या ब्लेडने कापल्यासारख्या पडतात आणि टॉवरची उंची तिथेच हरवते. सूर्याचा आकार खऱ्या मापाचाच ठेवा.

मुख्य दर्शनी बाजू उत्तरेकडे असेल तर

हा पेच नेहमीचा आहे. डिसेंबरमध्ये उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. सूर्य दक्षिणेत ठेवून मॉडेलची उत्तर गुपचूप फिरवणं हा त्यावरचा मार्ग नव्हे. घर घेणारा माणूस ते ऊन खरं समजून बाल्कनी निवडतो. प्रामाणिक पर्याय तीन आहेत:

- एप्रिल ते ऑगस्टमधली सकाळ किंवा संध्याकाळ. जूनमध्ये मुंबईत सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो आणि तेवढाच उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे या भिंतीवर तिरकं ऊन येतं.
- कोपरा असा घ्या की पूर्व किंवा पश्चिम बाजू उन्हात राहील. उत्तर बाजूला आकाशाचा शांत, निळसर उजेड मिळू द्या.
- तिन्हीसांज. तेव्हा दिशेचा प्रश्नच उरत नाही.

उजेडाचे चार पर्याय

- कोवळं किंवा उतरतं ऊन. सूर्य २० ते ३५ अंशांवर. आकारमान, पोत आणि खोली दाखवायला सर्वांत चांगलं. शंका असेल तेव्हा हेच घ्या.
- मळभ. सावल्या जवळपास नसतात. रंग आणि मटेरियल खरे दिसतात, पण आकार सपाट होतात. ज्या इमारतीची बाह्यरेषाच ठसठशीत आहे तिला हे चालतं. पावसाळ्यातला ओला रस्ता खालून प्रतिबिंब देतो आणि चित्र सावरतो.
- तिन्हीसांज. आतले दिवे आणि आकाश यांचा उजेड एकमेकांच्या जवळ येतो, म्हणून काचेच्या इमारती या वेळी खुलतात. आपल्याकडे ही वेळ छोटी असते. सूर्य मावळल्यापासून क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत मुंबईत २२ ते २४ मिनिटं जातात. त्यामुळे वेळ अर्ध्या तासाच्या टप्प्याने बदलू नका, पाच-पाच मिनिटांनी बदलून पाहा.
- पूर्ण रात्र. दर्शनी बाजूचे दिवे खरोखर आराखड्यात असतील तरच. आकाश काळं आणि माथा काळा झाला की इमारत किती उंच आहे हेच कळत नाही.

दिवसाच्या चित्रात पिवळ्या धमक खिडक्या टाकू नका. थेट उन्हाचा उजेड सुमारे एक लाख लक्स असतो, ऑफिसच्या आतला पाचशेच्या आसपास. भर दुपारी बाहेरून खिडकी काळपट किंवा आकाशाच्या प्रतिबिंबाची दिसते. तिन्हीसांजेच्या चित्रात उलट काळजी घ्या. सगळ्या मजल्यांवर एकाच तीव्रतेचे दिवे लावू नका. काही खोल्या अंधारात, काहींना पडदे, कुठे ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, तर कुठे ४००० चा पांढरट, असं ठेवा.

काच, पांढरा रंग आणि एक्स्पोजर

काच दाखवते ती समोरचं जग. साध्या काचेकडे समोरून पाहिलं तर सुमारे ८ टक्के उजेड परततो, आणि नजर तिरकी झाली की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. जमिनीवरून टॉवर पाहताना वरच्या मजल्यांची काच तिरकीच दिसते, म्हणून ती आकाश दाखवते. कॅमेऱ्याच्या मागे मॉडेलमध्ये काहीच नसेल तर खालच्या मजल्यांच्या काचाही कोऱ्या दिसतात. मागच्या बाजूला साधे ठोकळे आणि चार झाडं उभी करा. चित्रात ती दिसत नाहीत, पण काचेत दिसतात.

पांढऱ्या रंगाला २५५ हा आकडा देऊ नका. चांगला पांढरा रंगही पडलेला सगळा उजेड परत फेकत नाही. २३० दिला तर सुमारे ७९ टक्के उजेड परततो आणि उन्हातल्या भिंतीचा पोत टिकतो. एक्स्पोजर स्वयंचलित ठेवू नका. उन्हातली भिंत जळणार नाही इतपत ठरवा आणि त्या व्ह्यूसाठी तिथेच पक्कं करा. सावलीतली बाजू थोडी गडद राहिली तर राहू द्या.

मापाच्या खुणा: माणसं, झाडं, हवा

इमारत किती मोठी आहे हे पाहणारा ओळखीच्या वस्तूंवरून ठरवतो. रेलिंग, दार, रिक्षा, बसथांबा, फुटपाथची कड यांची मापं चोख असू द्या. माणसं थोडी, पण पुढे, मध्ये आणि इमारतीच्या पायाशी अशा तीन अंतरांवर ठेवा. पायाशी असलेली छोटी माणसंच उंची सांगतात.

झाडं इथली घ्या. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर पाइन आणि मेपल दिसले की चित्रावरचा विश्वास उडतो. पर्जन्यवृक्ष, कडुलिंब, नारळ, सोनमोहोर अशी झाडं पुरेशी आहेत. तारखेशीही मेळ घाला. गुलमोहर उन्हाळ्यात फुलतो, त्यामुळे डिसेंबरच्या उन्हात लालभडक गुलमोहर चुकीचा ठरतो.

लांबच्या इमारती थोड्या फिक्या आणि निळसर करा. हवेचा हा पातळ थर अंतर दाखवतो. त्याचा पडदा मात्र होऊ देऊ नका. आकाशाचा फोटो किंवा एचडीआरआय लावताना त्यातला सूर्य आणि तुमच्या सावल्या एकाच दिशेच्या आहेत ना, ते तपासा. ढगांची उजळ बाजू डावीकडे आणि सावल्याही डावीकडेच पडलेल्या, हा दोष अनेक चित्रांत सापडतो.

हक्क कोणाचे, जबाबदारी कोणाची

*चित्र करणाऱ्यांसाठी:*

- कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे तिचा कर्ता असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचं ठरतं. पैसे देऊन करवून घेतलेल्या काही प्रकारच्या कृतींना कायद्यात वेगळा नियम आहे. म्हणून फ्रीलान्स कामात हक्क कोणाकडे राहतील, हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या.
- हक्क देणारा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.
- हक्क दिल्यानंतरही ही कृती आपली आहे असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार टिकतो. तरी पोर्टफोलिओत चित्र वापरण्याची परवानगी करारात स्पष्ट लिहा.
- झाडं, माणसं, आकाश यांच्या फाइलींचे परवाने जपून ठेवा. पॉली हेवनवरचे एचडीआरआय सीसी-झीरो परवान्याचे, म्हणजे व्यावसायिक कामातही मुक्त वापराचे आहेत. सगळ्या संकेतस्थळांचं तसं नाही.

*बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठी:*

- रेरा कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार, जाहिरातीतल्या खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर खरेदीदाराला भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते.
- जाहिरातीवर रेरा नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक हवा. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन करा आणि मंजूर आराखड्यातले मजले, मोकळी जागा आणि पार्किंग चित्राशी ताडून पाहा.
- शेजारच्या प्लॉटवर बाग दाखवणं, समोरचा उड्डाणपूल किंवा उच्चदाबाची तार पुसणं, मंजूर नसलेला मजला चढवणं यांना कलात्मक स्वातंत्र्य म्हणता येत नाही. क्लायंटने असं काही सांगितलं तर ती सूचना लेखी मागा.

फाइल पाठवण्याआधी

१. चित्र राखाडी करून पाहा. उन्हातली आणि सावलीतली बाजू वेगळी वाचता येते का?
२. चित्र आडवं उलटवून पाहा. तोल एका बाजूला गेला असेल तर लगेच जाणवतो.
३. प्रत्येक माणसाची आणि झाडाची सावली इमारतीच्या सावलीच्याच दिशेने आहे ना?
४. ए-थ्री छपाईसाठी ३०० डीपीआयला ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात, तेवढे आहेत का? होर्डिंग लांबून पाहिलं जातं, त्याला एवढी घनता लागत नाही. छापणाऱ्याला आधी विचारा.
५. फाइलच्या नावात मंजूर ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक, उन्हाची तारीख आणि वेळ लिहा. सहा महिन्यांनी आराखडा बदलला की कुठलं चित्र जुनं झालं आणि कुठलं अजून वापरता येईल, हे त्या नावावरून लगेच कळतं.